पानगळीचे रंग केकवर

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की मेपल रंगायला लागतात आणि त्याच सुमारास आम्हा मराठी मंडळींची कोजागिरी येते. मसाला दुधाचं पातेलं एक घर सांभाळतं, भेळ दुसरं. एका कोजागिरीला गोडाचं माझ्याकडे आलं, तेव्हा मी लाल भोपळ्याचे मसालेदार कपकेक करायचं ठरवलं. वरच्या फ्रॉस्टिंगला बाटलीतला एकही रंग लावायचा नाही, हेही त्याच वेळी पक्कं केलं. पिवळा, केशरी, तांबडा, वांगी असे खिडकीबाहेर दिसणारेच रंग मला हवे होते, आणि तेही झाडापासून आलेले.

या हट्टाला कारण होतं. अमेरिकेत १९५० च्या हॅलोविनला केशरी मिठाई खाऊन बरीच मुलं आजारी पडली होती. त्या मिठाईत ‘ऑरेंज नंबर १’ हा कृत्रिम रंग होता आणि तो तेव्हा सरकारमान्य रंगांच्या यादीत होता. ‘रेड नंबर ३’ची गोष्ट तर अगदी अलीकडची. सौंदर्यप्रसाधनांत त्याला १९९० मध्ये बंदी आली, पण खाण्याच्या पदार्थांतली परवानगी काढून घ्यायला जानेवारी २०२५ उजाडलं. ओठांना लावायला चालत नाही तो रंग इतकी वर्षं मुलांच्या पोटात जात राहिला, हे मला अजूनही सहन होत नाही.

केकचं मला नवल नव्हतं. भोपळा, गूळ आणि जायफळ हे त्रिकूट आपल्या घारग्यांचंच. इथल्या लोकांनाही ते जुनं आहे. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या ‘अमेरिकन कुकरी’त भोपळ्याच्या पदार्थात जायपत्री, जायफळ आणि आलं घालायला सांगितलंय. छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृतीही त्याच पुस्तकात आहे. आज दुकानात मिळणारा तयार ‘पंपकिन पाय स्पाइस’ मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये आणला. मी मात्र मसाला घरीच केला. दोन चमचे दालचिनी, एक चमचा सुंठ, पाव चमचा लवंगपूड आणि अर्धा चमचा ताजं किसलेलं जायफळ. हे जायफळ दापोलीकडच्या एका नातलगांच्या वाडीतलं, नारळ-सुपारीच्या सावलीत वाढलेलं. बारीक किसणीवर दोनदा फिरवलं की करडी, तेलकट भुकटी पडते आणि तिचा वास डबीतल्या पुडीला कधीच येत नाही.

कोरीवकामाचा मोठा भोपळा केकच्या कामाचा नाही. तो पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो. मी छोटा गोड भोपळा घेतला, दोन फाका करून पालथ्या भाजल्या, गर काढला आणि चक्का टांगतो तसा मलमलच्या फडक्यात बांधून टांगून ठेवला. मंडळींत काहीजण अंडं खात नाहीत. बारा कपकेकसाठी १९० ग्रॅम मैदा, १८० ग्रॅम गुळाची पूड, २४० ग्रॅम गर, अर्धा कप तेल, पाव कप दही, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, मसाला आणि मीठ एवढंच लागलं. गराने केकला ओलावा येतो, त्यामुळे अंड्यावाचून अडत नाही. ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सियसला, वीस-बावीस मिनिटं. मधोमध काडी खुपसून कोरडी निघाली की झालं.

खरं मन रमलं ते रंगांत. २२५ ग्रॅम क्रीम चीज, ११५ ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि पिठीसाखर फेटून पांढरं फ्रॉस्टिंग केलं आणि वाट्यांत वाटून घेतलं. यात पातळ रस ओतून चालत नाही, सगळं वाहायला लागतं. रंग पूड करून किंवा तुपा-लोण्यात उतरवूनच घालावा लागतो.

हळदीचा रंग पाण्यात जेमतेम उतरतो, स्निग्धात मोकळा होतो. आपण फोडणीत हळद टाकतो ते उगीच नाही. चमचाभर बटर कोमट करून त्यात चिमूटभर हळद घातली. क्षणात ते झेंडूसारखं पिवळं झालं आणि कच्चा वासही गेला. केकच्या मिश्रणात मात्र हळद घालायची नाही, कारण तिथे सोडा आहे. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. क्षारापाशी हळद तशीच वागते. फ्रॉस्टिंग आंबटसर, म्हणून तिथे ती पिवळीच राहते.

बीट याच्या उलट आगीला भितं. केकमध्ये घालून भाजलं तर त्याचा लाल रंग तपकिरीकडे जातो. फ्रॉस्टिंगला आच नसते, म्हणून तिथे बिटाचं राज्य. वाळवलेल्या बिटाची पूड वस्त्रगाळ करून घातली, त्यात लिंबाचे थेंब पिळले. मातकट वास दबला आणि रंग टिकला. हळदीच्या वाटीत बिटाची चिमूट पडली की केशरी तयार. चौथ्या वाटीसाठी वाळवलेल्या ब्लूबेरीची पूड होती. आधी ती करडी दिसत होती. लिंबू पिळून ढवळलं तसं करडेपण विरत गेलं आणि कडेपासून मध्यापर्यंत वांगी रंग खुलला.

कोजागिरीच्या संध्याकाळी मुलांच्या हाती सुऱ्या आणि वाट्या दिल्या आणि केक त्यांनाच रंगवू दिले. एकीने विचारलं, “काकू, यात हळद आहे तर भाजीसारखं का नाही लागत?” मी तिला आधी नुसती हळद चाखवली, मग बटरमधली. फरक तिचा तिलाच कळला. दुसऱ्याने अंगणातलं पान आणून केकशेजारी ठेवलं आणि रंग जुळवायला बसला. तेव्हा मी मुलांना सांगितलं, की पानातला पिवळा उन्हाळाभर आतच असतो, हिरव्याखाली झाकलेला. थंडी पडू लागते, दिवस लहान होतो, हिरवा विरतो आणि पिवळा दिसू लागतो. मेपलचा लाल मात्र पान गळण्याआधी नव्याने तयार करतं, आणि तो ब्लूबेरीच्या वाटीतल्या रंगाच्याच कुळातला. हे ऐकल्यावर मुलं वाट्यांकडे आणि पानांकडे आलटूनपालटून बघत होती. कुठला रंग कशाचा, हे त्यांनी नंतर घरच्यांना न चुकता सांगितलं.

महाराष्ट्रात हे करायला काही अडत नाही. लाल भोपळा आहे, गूळ आहे, क्रीम चीजच्या जागी घट्ट चक्का आहे. चक्काही आंबट, म्हणजे हळद आणि बीट दोघांना मानवणारा. सुरुवात बिटापासून करा, रंग थोडाथोडा वाढवत न्या. केक पूर्ण गार झाल्यावरच लावा आणि खायच्या वेळेपर्यंत झाकून थंड जागी ठेवा, कारण हळद उजेडात फिकी पडते. हे रंग बाटलीतल्यासारखे भडक होणार नाहीत, महिनोन्‌महिने टिकणारही नाहीत. घरचा खाऊ महिनोन्‌महिने टिकायचं कारणही नाही. कशापासून आला हे मुलाला सांगता येतं, तोच रंग त्याच्या ताटात वाढावा, असं मला मनापासून वाटतं.