गंजगोलाईचा क्रमांक, परदेशातला मुक्काम

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र मिळतात. तेथील किंवा नांदेडच्या वजिराबादेतील पेढीवरून निवृत्त झालेले ज्येष्ठ आता मुलांकडे अमेरिकेत पाच-सहा महिने राहतात. तेथे स्थानिक प्रीपेड सिम सहज मिळते. खरी काळजी गावाकडच्या क्रमांकाची. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. सलग ९० दिवस वापर नसला आणि शिल्लक २० रुपयांहून कमी असली, तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने केवळ कॉल व एसएमएसच्या, ३६५ दिवसांपर्यंतच्या पॅकची वाट मोकळी झाली. उशिरा का होईना! मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे आणि तिकडे पोहोचताच भारतीय सिमचा डेटा बंद ठेवावा.