कंठ न फुटलेला राघू

एखाद्या गृहस्थाला आपण चार वर्षे ‘या गोविंदराव, बसा गोविंदराव’ म्हणावे आणि पाचव्या वर्षी गोविंदराव बाळंत व्हावेत, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांत जी अवस्था होईल तीच १९६६ सालच्या माघात आमच्या घराची झाली. आमच्या राघूने अंडे घातले.

त्यातही मौज अशी, की आमचे वडील परभणीच्या एका शाळेत मराठीचे मास्तर. ‘पुढील शब्दांचे लिंग ओळखा’ हा प्रश्न ते दर सहामाहीला न चुकता घालीत आणि चुकणाऱ्याला अंगठे धरायला लावीत. अंड्याची वार्ता गल्लीत पसरल्यावर त्यांचे एक स्नेही मुद्दाम चहाला आले, पिंजऱ्यासमोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “मास्तर, राघू— नपुसकलिंगी धरायचा का?” वडील त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलले नाहीत.

हे पाखरू आमच्याकडे आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. गंगाखेडकडचे आमचे एक नातलग ज्वारीच्या हुरड्याबरोबर ते पिलूही टोपलीत घालून घेऊन आले. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. नाव काय ठेवायचे हा प्रश्नच नव्हता. हिरवे पाखरू, लाल चोच, म्हणजे राघू. त्याची बायको असलीच तर ती मैना. बिचारी मैना ही साळुंकीच्या कुळातली, राघूशी तिचे नखाचेही नाते नाही, पण आपण मराठी माणसांनी पिढ्यान् पिढ्या त्यांचा संसार मांडून दिलेला! त्यामुळे राघूची खरी बायको दिसते कशी, हे पाहण्याची गरजच कोणाला पडली नाही.

ती दिसते अगदी राघूसारखी, फक्त तिच्या गळ्यात कंठ नसतो. नराच्या गळ्याभोवती काळी रेघ आणि मानेमागे गुलाबी पट्टा येतो, तोही जन्मतः नव्हे, दोन-तीन वर्षांनी. तोवर नर आणि मादी सारखेच. याला आपल्याकडे ‘कंठ फुटणे’ म्हणतात. पोरगा वयात येऊन त्याचा आवाज घोगरा झाला म्हणजेही कंठच फुटतो. समोरच्या वाड्यातल्या राघूला ऐटबाज कंठ होता, म्हणून मी रोज सकाळी दात घासत पिंजऱ्यापाशी उभा राहून आमच्या राघूची मान तपासत असे. आजी म्हणायची, “फुटंल बाबा. एकेकाला उशिरा फुटतो. तुझ्या बापाचा कुठं लवकर फुटला होता?”

माघ लागला आणि राघूचे वागणे बिघडले. ज्यांच्या हातून तो पेरूची फोड घेई त्या वडिलांच्या बोटाचा त्याने लचका तोडला. पिंजऱ्याखाली अंथरलेला कागद आत ओढून त्याच्या चिंध्या केल्या. भिंतीवरचे पंचांग हाताशी आले म्हणून तेही फाडले. दुपारभर एका कोपऱ्यात अंग चोरून बसू लागला. मात्र आजी जवळ गेली, की पंख किंचित सैल सोडायचा, पाठ खाली दाबायचा आणि पिलागत किणकिण आवाज काढायचा. आजीला वाटे, पाखरू माया करायलंय. मग ती सळ्यांतून बोट घालून त्याची पाठ कुरवाळत बसे. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी निदान केले, मिरच्या जास्त झाल्यात, उष्णता झाली.

आणि मग ते अंडे. पांढरेशुभ्र, बोराएवढे.

घरात सगळ्यात अधिक आनंद मला झाला. ते अंडे मी चड्डीच्या खिशात कापसात गुंडाळून शाळेत नेले. एक नजर बघायची तर दोन गोट्या, असा भाव लावला. एका दिवसाआड दुसरे आले, तेही नेले. मग तिसरे, चौथे. आजी म्हणाली, “एखादं राहू दे रे तिच्यापाशी. तिला बसावं वाटायलंय.” चार वर्षांचा ‘तो’ आजीच्या तोंडी एका सकाळीच ‘ती’ झाला होता, व्याकरणाची अडचण फक्त वडिलांना होती. पण माझा धंदा तेजीत होता. महिनाभरात मी आठ अंडी उचलली. गोट्यांनी बरणी भरली.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा तसेच केले आणि मीही. त्या वेळचे पाचवे की सहावे अंडे यायचे होते. संध्याकाळी ती दांडीवरून खाली उतरून पिसे फुलवून बसली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत होती. आजीने गल्लीतली कितीतरी बाळंतपणे पाहिलेली. तिने एकदाच पाहिले आणि म्हणाली, “अडलीय ही.” तिला जुन्या लुगड्याच्या मऊ पदरात गुंडाळून ती चुलीपाशी घेऊन बसली. वाफेसाठी पाण्याचे पातेले ठेवले. मधूनमधून कोमट तेलाचे बोट लावी. मी झोपेपर्यंत ती तशीच बसलेली होती, आणि उठलो तेव्हाही तशीच. फक्त पदर झाकलेला होता.

परसातल्या निंबाखाली मीच खड्डा खणला. आजी मला काही बोलली नाही. ती पुढे अकरा वर्षे जगली, पण त्या अंड्यांचा विषय तिने कधी काढला नाही. गोट्यांची बरणी मी एका पोराला फुकट देऊन टाकली.

आपण केले काय, हे मला उलगडायला मात्र पुष्कळ वर्षे लागली. पक्ष्याच्या अंगातले घड्याळ उजेडावर चालते. तो उजेड नुसता डोळ्यांतून नव्हे, कवटीतूनही थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि दिवस मोठा झाल्याची वर्दी देतो. मेंदूखालच्या इवल्या ग्रंथीतून रस सुटतात आणि मादीचे एरवी आक्रसलेले बीजकोश भराभर वाढते. बहुतेक पक्षिणींत ते डाव्या बाजूचे एकच कामाचे असते. त्यातून खायला मुबलक मिळत असेल, बसायला अंधारा कोपरा असेल आणि पाठीवरून कोणी हात फिरवीत असेल, तर तिला दुसरा कसला पुरावा लागत नाही. पाठ कुरवाळणे हे जोडीदाराचे काम. ती आजीला आजी समजत नव्हती. नर नसला तरी अंडी येतात, फक्त ती वांझ असतात. आमच्याकडे वडील रात्री अकरापर्यंत पिंजऱ्याशेजारच्या विजेच्या दिव्याखाली वह्या तपासत. म्हणजे माघातच आम्ही तिला ज्येष्ठाएवढे दिवस दाखवीत होतो!

आणि अंडी उचलण्याचे म्हणाल, तर पक्षीण घरट्यातली अंडी पुरी झाली की थांबते. उचलली, की तिला वाटते गेली, पुन्हा घालावीत. प्रत्येक कवचाचा चुना तिच्या हाडांतून जातो. चुना संपला, की कवच मऊ पडते, पोटातल्या स्नायूंना जोर राहत नाही आणि ती अडते. आठ अंडी म्हणजे दुप्पट बाळंतपण. त्यांचा हिशेब मी गोट्यांत केला.

१९७२ हे साल आम्हां परभणीकरांना दुष्काळाचे म्हणून आठवते. त्याच वर्षी १८ मे रोजी इथे कृषी विद्यापीठ झाले, पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच साली निघाले आणि त्याच वर्षी देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपल्याकडचे राघू पकडणे, विकणे, पाळणे आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आजही थंडीत जुन्या झाडांच्या ढोलींपाशी राघूंची जोडपी घासाघीस करताना दिसतात. कंठवाला वाकून वाकून घास भरवीत असतो आणि बिनकंठाची त्याला खुशाल टोचे मारीत असते. संसाराची मालकीण कोण, हे दोन मिनिटे उभे राहिले तरी कळते. आमच्या गल्लीत ते कोणी पाहिले नव्हते, कारण आमचा राघू पिंजऱ्यात होता.

मनाच्या समाधानासाठी सांगतो, या बाबतीत फसलेले आम्ही एकटेच नव्हतो. न्यू गिनीकडे ‘इक्लेक्टस’ नावाचा एक पोपट आहे. त्याचा नर हिरवागार, मादी तांबडीलाल. मोठमोठ्या पंडितांनी वर्षानुवर्षे त्या दोन वेगळ्या जाती मानल्या. अखेर ए. बी. मेयर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७४ साली दाखवून दिले, की अहो, हे नवराबायको आहेत! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही अभिमानाने सांगतो. पण या एका प्रकरणात जर्मनी जरा पुढेच निघाली.

ब्राझीलमधली गोष्ट याहून चटका लावणारी. स्पिक्स मकाव जातीचा एकच निळा पोपट रानात उरला होता. त्याला जोडीदार सोडायचा, तर आधी तो नर की मादी हे कळायला हवे, आणि पकडायची तर सोय नाही. त्याचे गळालेले पीस उचलून तपासले आणि १९९५ साली उत्तर मिळाले— नर. पक्ष्यांत आपल्या उलटे असते. नराकडे दोन सारखी गुणसूत्रे, मादीकडे दोन वेगळी. त्यामुळे पिसाच्या मुळाशी चिकटलेल्या पेशींवरून निवाडा करता येतो. त्याच वर्षी मादी सोडली, पण थोड्याच आठवड्यांत ती नाहीशी झाली. तो आपला दुसऱ्याच जातीच्या एका मादीबरोबर हिंडत राहिला आणि २००० साली तोही दिसेनासा झाला.

हे सगळे पुराण आज काढायचे कारण आमची नात. बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांनी तिला एक कॉकटील दिले. हा तुरेवाला छोटा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे तो पाळायला आपला कायदा आड येत नाही. करड्या कॉकटीलमध्ये वयात आलेल्या नराचे तोंड पिवळेधमक होते आणि मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे राहतात. पण हे महाशय सगळेच पांढरट पिवळे! नातीने नाव ठेवले विठू. कोणी म्हणाले, शीळ घालत नाही, मादी असेल. कोणी पोटाखालची हाडे चाचपून नर ठरवला. मी म्हटले, या घरात एकदा अंदाजावर काम झालेले आहे, पुन्हा नको. पशुवैद्यांकडून दोन-तीन पिसे तपासणीला पाठवली. विठू मादी निघाला. नात अर्धा दिवस रुसली आणि संध्याकाळी तिने नाव बदलले— जनी. गंगाखेडच्या जनाबाईचा जिल्हा आमचा. याहून सोयीचे नाव कोणते मिळणार?

तरीसुद्धा मागच्या पौषात जनी पुस्तकांच्या कपाटाखाली शिरू लागली, फुत्कारू लागली, आणि एका सकाळी तिथे अंडे. नात उचलायला वाकली. मी इतक्या मोठ्याने ‘हात लावू नको!’ म्हणून ओरडलो, की पोर दचकली आणि स्वयंपाकघरातून सौभाग्यवती धावत आल्या. या वयात माझा आवाज एवढा निघतो हे मलाही ठाऊक नव्हते.

अंडी जनीपाशी राहिली. तीन झाली आणि ती थांबली. कपाटाखालची फट आम्ही नंतर फळीने बुजवली. पाठीवरून हात फिरवणे बंद, लाड करायचे ते डोक्यापुरते. काष्ठौषधीच्या दुकानातून मी समुद्रफेन आणला. समुद्री माखलीच्या पाठीचा तो चुनखडी भाग पिंजऱ्याला बांधला. दुकानदाराने विचारले, “कान दुखतोय का?” मी म्हटले, “बाळंतिणीसाठी.” त्याने माझ्या वयाकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

विसाव्या दिवशी जनी अंड्यांवरून उठली, पंख झाडले, दाण्याच्या वाटीकडे गेली आणि पुन्हा मागे वळून पाहिले नाही. नातीने विचारले, “आबा, आता टाकू?” मी ती तिन्ही अंडी तळहातावर घेतली. वजन जवळजवळ काही नसतेच. आठवडाभर ती माझ्या टेबलावर चष्म्याच्या घरात होती. पुढे कोणी टाकली ते मी विचारले नाही.

आता राहिला उजेडाचा प्रश्न. पशुवैद्यांनी सांगितले, रोज बारा तास अंधार हवा. पिंजरा बाहेरच्या खोलीत, टीव्हीही तिथेच. त्यामुळे पौषापासून आमच्याकडे संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर जाड चादर आणि खोलीतला दिवा बंद. सौभाग्यवतींच्या दोन मालिका बुडाल्या. मी स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी बसून वर्तमानपत्र वाचतो. परवा समोरचे देशपांडे दारात येऊन अंधारात चाचपडत विचारत होते, “काय हो, तुमच्याकडचीच लाईट गेली का?”

“नाही काका,” नात आतून दबक्या आवाजात म्हणाली, “जनी झोपलीय.”