वेळासच्या वाळूवरील एक दिवस

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी सागराला मिळते त्या बाणकोटच्या खाडीपासून थोड्याच अंतरावर वेळास वसले आहे. नाना फडणवीसांचे हे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्यांची कौलारू घरे आणि गावाबाहेर पसरलेला शांत किनारा. येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था गावकरी आपल्या घरीच करतात.

एका एप्रिलमध्ये पुण्याच्या भवानी पेठेतील चार मित्र ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे येथे येऊन पोहोचले. एक धान्याचे व्यापारी, एक सराफ, दोघे कापडाचे. शाळेपासूनची मैत्री, परंतु चौघांनी एकाच दिवशी दुकानातून बाहेर पडावे, हा योग साठी उलटल्यावर प्रथमच आला होता. धान्यवाल्यांच्या गादीवर नुकताच मुलगा बसू लागला होता. 'बसू लागला होता' एवढेच म्हणावे लागेल, कारण घाट उतरेपर्यंत जेथे जेथे रेंज मिळाली तेथे तेथे गाडी थांबवून, कोणाला उधारी द्यायची आणि कोणाला नाही, हे वडील त्याला सांगतच होते.

त्यांना पाहायची होती कासवाची पिले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. मागे वळून पाहणे नाही. पुढील सुमारे दोन महिने ऊन आणि वाळू हीच त्या अंड्यांची आई. एके काळी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडत. 2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने येथे संरक्षणाचे काम हाती घेतले आणि गावातील माणसेच राखणदार झाली. घरटे सापडले की त्यातील अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवायची, वर टोपली झाकायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायचे. जीवदयेसाठी पांजरापोळ चालविणाऱ्या समाजाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.

सकाळी चौघे किनाऱ्यावर गेले तेव्हा नवकारशीला अवकाश असल्याने चहाचा प्रश्नच नव्हता. टोपल्या एकामागून एक उचलल्या गेल्या. खाली नुसती वाळू. सराफ म्हणाले, "बोहनीच झाली नाही." आता उरली ती संध्याकाळ.

दुपारचे जेवण मात्र स्मरणात राहावे असे. यजमानीणबाईंनी कांदा, लसूण, बटाटा सारे वर्ज्य करून कुळथाचे पिठले, फणसाची भाजी आणि भात केला होता. ताक आले तेव्हा एकाने द्विदलाची अडचण सांगितली. बाईंना शब्द नवा होता, पण अर्थ कळताच त्यांनी ताक उचलून नारळाच्या दुधाची सोलकढी पुढे केली. चौघांनी दोन-दोन वाट्या घेतल्या.

पिले सोडण्याची वेळ सहा-साडेसहाची आणि सूर्यास्त सातच्या आत. किनाऱ्यावरून परतून चौविहार साधणे अशक्य. बाईंनी इतर पाहुण्यांचा स्वयंपाक मागे ठेवून चारलाच चूल पेटवली आणि पाचला पाने मांडली. तिघे जेवले. धान्यवाले जागेवर नव्हते. संधी हुकेल या धास्तीने ते उन्हातच वाळूवर जाऊन बसले होते. बोलावणे गेले, ते आले नाहीत.

त्या संध्याकाळी तिसऱ्या टोपलीखाली वाळू हलली. चौदा पिले निघाली, काळपट, तळहाताच्या निम्म्याने. दोरीपलीकडे, पाण्यापासून काही पावलांवर त्यांना ठेवण्यात आले आणि ती लाटांच्या दिशेने निघाली. एक पिलू मात्र कोणाच्या तरी पावलाच्या खळग्यात उलटे झाले. पाय हवेत हलत राहिले. धान्यवाले दोरीखालून वाकले आणि त्यांचा हात पुढे गेला.

"काका, हात नको," राखण करणारा तरुण म्हणाला. "त्याचं त्याला चालू द्या."

याच वाळूवरून चालताना पिलाच्या ठायी या किनाऱ्याची खूण उमटते आणि मोठी झालेली मादी अंडी घालण्यासाठी पुन्हा याच भागात येते, असे मानले जाते, हे त्याने समजावून सांगितले. हजारात एखादेच तोवर जगते, हेही त्याने लपवले नाही. धान्यवाल्यांनी हात मागे घेतला खरा, पण मुठीत वाळू तशीच राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. पिलू एकदा डुलले, पुन्हा पडले आणि अखेर सुलटे झाले. पहिल्या लाटेने त्याला परत फेकले. दुसऱ्या लाटेनंतर ते दिसले नाही. बाजूला उभ्या असलेल्या सराफांनी न कळत नवकार म्हटला.

परतताना सूर्य बुडालेला होता. बाईंनी झाकून ठेवलेले ताट दाखवले, तेव्हा धान्यवाल्यांनी हात जोडले. "अहो, दुपारनंतर पोटात काही नाही तुमच्या!" त्या कळवळून म्हणाल्या. मित्र रागावले, मग हसले. रात्री अंगणात चौघे बराच वेळ बसले, शाळेतील मास्तरांच्या छड्या निघाल्या, बुडालेल्या उधाऱ्याही निघाल्या. दिवसभराच्या विक्रीचा हिशेब मुलाला विचारण्याची ती वेळ होती आणि अंगणात रेंजही होती. फोन खिशातच राहिला.

बाईंनी निजण्यापूर्वी सराफांना एवढेच विचारले की, यांना सकाळी किती वाजता चालेल. सूर्योदयानंतर दोन घटका, त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी घड्याळात तो क्षण झाला, तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या आणि तव्यावरून उतरलेले पहिले घावन धान्यवाल्यांपुढे ठेवलेले होते. रात्रीचे ताट गोठ्यात गेले होते.