समासांतील तीन ओळी

माझ्या तीर्थरूपांनीं समासांत शाईनें टिपणें केलेली ‘अमरकोशा’ची एक प्रत माझ्याजवळ आहे. तिच्या फाटक्या पानांवर तरुणपणीं मींच चिकटपट्ट्या लाविल्या होत्या. कांहीं वर्षांपूर्वीं त्या पिवळ्या पडलेल्या पाहून मीं एक पट्टी झटक्यानें ओढून काढिली. तिच्याबरोबर वडिलांच्या हातच्या तीन ओळी निघून आल्या. समासाचा विग्रह मीं जन्मभर शिकविला. पण तो असा होईल असें वाटलें नव्हतें.

दोष मी डिंकाला देत होतों. गेल्या दिवाळींत माझी पुतणी पुण्याहून आली. चिकटविलेले थर सोलले असतां कसे सुटतात, ह्याचें गणित संगणकावर मांडणें हा तिच्या अभ्यासाचा विषय. विमानाचेहि कांहीं भाग अशा चिकट द्रव्यानें जोडलेले असतात. तेथें प्रत्येक सांधा फाडून पाहणें परवडत नाहीं.

तिनें पट्टी, डिंक व कागद ह्यांचे बारीक चौकोन पाडून मध्यें काल्पनिक स्प्रिंगा बसविल्या होत्या. थर दूर होऊं लागले कीं स्प्रिंग आधीं वाढता ताण घेते, मर्यादेपलीकडे ढिली पडते आणि शेवटीं तुटते. भेगेच्या टोकाशीं असा ताणाचा पट्टा डग्डेल (१९६०) व बारेनब्लाट (१९६२) ह्यांनीं कल्पिला. हिलरबोर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं तो काँक्रीटच्या भेगांसाठीं संगणकाच्या गणितांत आणिला. न ताणणारी पट्टी काटकोनांत ओढण्यास जेवढें बळ लागतें, त्याच्या निम्में बळ ती पूर्ण उलटी दुमडून ओढण्यास पुरतें! मला हें खरें वाटेना. तिनें कोनाची कोज्या मांडून तें पटविलें. झटका दिला कीं असल्या डिंकाचा विरोध वाढतो, हेंहि मला तेव्हांच कळलें.

“अग, पण माझा डिंक सुटला कां नाहीं?”

“काका, डिंकाचें काय चुकलें? तुमचा कागदच आंतून दुबळा होता.”

तिनें कागदाची शक्ति कमी घालून गणित पुन्हां चालविलें. पडद्यावरील भेग डिंक सोडून कागदांत उतरली. माझ्या तीन ओळी कशा गेल्या तें मीं डोळ्यांनीं पाहिलें.

दुसऱ्या एका पानावर अजून एक पट्टी आहे; तिच्याखालीं वडिलांचें अक्षर अंधुक वाचतां येतें. ती हळू काढावी काय, हें गणितानें सांग, असें मीं म्हटलें.

“त्यासाठीं ह्या कागदाची शक्ति मोजावी लागेल,” ती म्हणाली, “आणि ती मोजण्यास ह्याच कागदाचा एक तुकडा फाडावा लागेल.”

मीं पुस्तक मिटून कपाटांत ठेविलें.