तडा भरायचा की काच बदलायची?

आमच्या वर्ध्याकडे गाडीच्या पुढच्या काचेचे वैरी दोन. गिट्टी वाहणारे टिप्पर आणि मे महिन्यातले ऊन. माझ्या भाच्याच्या गाडीला दोघेही भेटले. गाडी भाड्याने चालते, बँकेचे हप्ते अजून सुरू आहेत, त्यामुळे एक दिवस गाडी उभी राहिली तरी घरात काळजी.

पहिला दगड लागला थंडीत, हैदराबाद रस्त्यावर जामजवळ. डाव्या बाजूला खाली रुपयाएवढी खूण आणि तिला फुटलेले तीन पाय. मी भाषेचा मास्तर, पण आता रिकामा माणूस. मिस्त्रीच्या दुकानात स्टूल ओढून बसलो.

ही काच एक नसतेच. दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. (फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तूसच्या हातून १९०३ साली बाटली पडली, तडकली, पण विखुरली नाही, आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळलेला होता. त्यावरून ही कल्पना निघाली, असे सांगतात.) दगडाने सहसा बाहेरचीच काच फुटते. तडा चमकतो तो आत शिरलेल्या हवेमुळे. रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकेच वळवते, म्हणून हवा काढून ते भरले की तडा पुसट होतो. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर ग्लिसरीनमध्ये काचकांडी बुडवून 'गायब' करत, तेच हे!

मिस्त्रीने गाडी आधी सावलीत घेतली. उन्हात रेझिन पायांच्या टोकापर्यंत पोचायच्या आतच घट्ट होते, आणि तापलेल्या काचेवर दाब दिला तर तडा पळतो. सुईने काचेचा चुरा काढला, ओल सुकवली. मग रबरी कपाने चिकटणारे यंत्र खुणेवर बसवून आधी हवा ओढली, नंतर दाबाने रेझिन सोडले. पुन्हा ओढले, पुन्हा सोडले. तिसरा पाय हट्टी निघाला. तेव्हा त्याने आतून अंगठ्याने काच हलकेच दाबली आणि रेझिन सरसर टोकाला गेले. वर अतिनील किरणांचा दिवा धरला. शेवटी खड्ड्यात दाट रेझिन, त्यावर प्लास्टिकचा तुकडा, पुन्हा दिवा, आणि ब्लेड उभे धरून खरवडणे. खूण राहिली, पण तडा थांबला. दगड लागल्याबरोबर भाच्याने त्यावर पारदर्शक टेप लावली होती, त्यामुळे आत धूळपाणी गेले नव्हते. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मे महिन्यात दुसरा तडा. दगड नाही, काही नाही! गाडी दुपारभर उन्हात उभी होती, बसल्याबरोबर एसी जोरात काचेवर सोडला, आणि वरच्या कडेपासून चालकाच्या समोर वीतभर रेघ उतरली. भाचा म्हणाला, "मामा, तेवढंच भरून घेऊ. पहाटे नागपूर विमानतळाचं भाडं आहे."

मिस्त्रीने नख फिरवून पाहिले. खड्डा कुठेच लागला नाही. "हे नाही भरत जी मी, गुरुजी. कडेचा तडा हाय. भरला तं पैसे भेटतील मले, पण थो थांबनार नाही."

काचेच्या कडेला मुळातच ताण असतो, तिथला तडा रेझिनला जुमानत नाही. त्यात तो चालकाच्या नजरेसमोर. चांगले भरलेले असले तरी रात्री समोरच्या दिव्यांत ती खूण चमकते. शिवाय पुष्कळ गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगते ती याच काचेला टेकून. भाचा हिशेब करत बसला, नवीन काच म्हणजे काही हजार. मी मधे बोललो नाही, पण मनातून मिस्त्रीच्याच बाजूचा होतो. चालू कमाई सोडून नाही म्हणणारा कारागीर रोज भेटत नाही.

विमानतळाचे भाडे भाच्याने मित्राला दिले. नवी काच बसली, कडेने टेप लावली. चिकटवणीचा गोंद वाळेपर्यंत दारे धाडकन लावायची नाहीत आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, अशी ताकीद मिळाली. दार आपटले की आतली हवा काचेला बाहेर ढकलते म्हणे. नातवंडांना दोन दिवस गाडीकडे फिरकू दिले नाही.