सोमवारची पोटदुखी

रविवारी रात्री पोट दुखायला लागायचं, सोमवारी सकाळी मळमळ, आणि शाळेची व्हॅन निघून गेली की अर्ध्या तासात सगळं शांत. भाईंदर पश्चिमेच्या माझ्या दवाखान्यात आठवीतल्या एका मुलाला त्याची आई तिसऱ्यांदा घेऊन आली (ओळखीचे तपशील बदलले आहेत). सोनोग्राफी नॉर्मल. "डॉक्टर, नाटकं करतोय ना हा?"

नाटक नव्हतं. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं वाढतात, आतड्यांची हालचाल बिघडते आणि पोट खरोखर दुखतं. वजन घटत असेल, दुखण्याने झोपमोड होत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर तपासण्या हव्यातच. पण सुट्टीत गायब होणारी पोटदुखी दिसली की मी आईवडिलांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो.

मुलाने मोबाईल पुढे केला. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्याच्या फोटोचे स्टिकर, त्याच्या अडखळत बोलण्याची नक्कल. त्रास देणारे तिघेच. हसणारे इमोजी टाकणारे दहा-बारा. बाकी सगळे गप्प. तो म्हणाला, "मी 'प्लीज थांबा' लिहिलं. ब्लू टिक आली. म्हणजे सगळ्यांनी वाचलं ना?"

मला माझं हॉस्टेल आठवलं. एका ज्युनियरला मेसमध्ये टेबलावर उभं करून त्याच्या गावाकडच्या बोलीत पेपरातल्या जाहिराती वाचायला लावायचे. मी त्याला कधी काही करायला लावलं नाही. हसलो मात्र. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला रॅगिंग न करणाऱ्यांत मोजत होतो.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 साली आला. तरी 2019 च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात एमडी करणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवलं. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही अपमान केला, असा कुटुंबीयांचा आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. मला प्रश्न पडतो तो अशा प्रत्येक ग्रुपमधल्या वाचून पुढे जाणाऱ्यांचा, कारण मी त्यांच्यातलाच.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या 56 शाळांमध्ये 2012-13 साली एक प्रयोग झाला. तुम्ही कोणाबरोबर जास्त वेळ घालवता, हे मुलांनाच विचारून प्रत्येक शाळेतल्या मैत्रीचा नकाशा काढला. मग निम्म्या शाळांत थोडी मुलं निवडून त्यांच्यावर काम सोपवलं. त्यांनी पोस्टर केली, इन्स्टाग्रामवर घोषवाक्यं टाकली, भांडणात चांगलं वागणाऱ्याला नारिंगी रिस्टबँड दिला. त्या शाळांत भांडणांच्या तक्रारी वर्षभरात सुमारे 30 टक्क्यांनी घटल्या. ज्यांचं मित्रमंडळ मोठं, अशी मुलं कामात असतील तिथे परिणाम जास्त. ती वर्गात पहिली येणारीच असतील असं नाही, आणि मॉनिटर तर नाहीच नाही!

आईला मी सांगितलं, मोबाईल काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. ग्रुपवर जाऊन भांडू नका. तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, वर्गशिक्षिकेला भेटा. मुलाला विचारलं, "गप्प बसलेल्यांत तुझं कोण?" बराच वेळ विचार करून त्याने एक नाव घेतलं. कबड्डी खेळणारा, सगळ्यांचा लाडका. शिक्षिकेने त्याच्याशी एकट्याशी बोलून घेतलं.

त्याचा पहिला मेसेज ग्रुपवर आलाच नाही. खासगीत आला: "उद्या डबा माझ्याबरोबर." दोन दिवसांनी त्याने ग्रुपवर लिहिलं, "स्टिकर बस झाले आता." खाली दोन अंगठे आले. मग आणखी चार.

सगळं काही सुटलं नाही. त्या तिघांनी वेगळा ग्रुप काढला असं ऐकतो. मुलाला मी समुपदेशकाकडेही पाठवलं. मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर वाट पाहू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098, दोन्ही क्रमांक चोवीस तास चालू असतात.

परवा तो पुन्हा आला होता, पावसात भिजून झालेली सर्दी घेऊन. सोबत कबड्डीवाला होता, तोही शिंकत.