दाट रस, पातळ रस

कोकणातल्या स्वयंपाकघरात एका नारळाचे दोन रस निघतात. खवलेलं खोबरं वाटायचं, कोमट पाण्याचा हबका मारायचा आणि फडक्यात घालून पिळायचं. हा पहिला, दाट रस. चोथ्यात पुन्हा पाणी घालून वाटलं-पिळलं की दुसरा, पातळ. भाजी शिजते ती पातळ रसात. दाट रस शेवटी पडतो आणि तो पडल्यावर भांड्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नसते, नाहीतर रस फुटतो, तेल वर तरंगतं आणि खाली पाणी उरतं. हे ज्ञान मला कुणी बसवून शिकवलं नाही. आजीच्या चुलीपाशी बसून फडकं पिळायचं काम माझ्याकडे असायचं, तिथे ते आपोआप आलं. आज मी दूध, दही, तूप, मासे, अंडी यांतलं काहीच खात नाही आणि तरीही रोज पोटभर, आवडीनं जेवतो, त्याचा पाया त्या चुलीपाशी घातला गेला.

आजीचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला. गोठ्यात एक गाय, कोकणातल्या गाई असतात तशी लहान चणीची, आणि दूधही बेताचंच देणारी. त्या दुधावर पहिला हक्क वासराचा, मग घरातल्या सर्वांत लहान पोराचा, आणि पाहुणा आलाच तर त्याच्या चहाचा. आजी स्वतः जन्मभर गूळ घातलेला कोरा चहा प्यायली. त्यामुळे त्या घरात गोडधोड म्हटलं की दूध आठवायचंच नाही, नारळ आठवायचा. शिरवाळे करायचे तेव्हा तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून लाकडी साच्यातून दाबायचे. दाबायला दोन माणसं लागत. गरम शेवया गूळ-वेलची घातलेल्या रसात सोडायच्या. खापरोळी रसात बुडवून खायची, घावन रसाबरोबर, आणि गणपतीत मोदक फोडला की त्यावर तुपाच्या धारेऐवजी पुष्कळदा रसाचीच धार. जेवण संपताना सोलकढी. सीमेपलीकडे गोव्यात आमचे नातेवाईक होते, त्यांच्याकडे चण्याच्या डाळीचं मनगणं असायचं, तेही रसातलंच. त्यांच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातून नाताळात दोदोल यायचं. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास घोटून केलेलं. या सगळ्यांत दुधाचा थेंब नाही, आणि तो नाही हे कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

दुधाची चव मला लागली ती मुंबईत. आरे केंद्राच्या रांगेत उभं राहून काचेच्या बाटल्या आणायच्या, ते तापवायचं, रात्री साय काढून ठेवायची, आठवड्याच्या सायीचं लोणी काढून तूप कढवायचं. आईच्या संसाराचं वेळापत्रकच दुधाभोवती बांधलेलं होतं. वरणभातावर तूप, जेवणाच्या शेवटी दहीभात, पाडव्याला श्रीखंड. मी ते सगळं मनापासून खाल्लं आहे, आणि त्या चवीला आज नावं ठेवावीत असं मला मुळीच वाटत नाही.

आमचं घर मासेखाऊ. मात्र सोमवार, चतुर्थी, श्रावण हे दिवस पाळले जायचे, आणि त्या दिवशी ताटात रिकामी जागा दिसू नये म्हणून आई खपायची. नीरफणसाच्या चकत्यांना हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून, तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत काप काढायची. नीरफणस नसेल तेव्हा सुरणाचे, नाहीतर वांग्याचे. कोंबडी-वड्यांच्या जागी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, भाजलेल्या खोबऱ्याच्या त्याच वाटणाचं. तिरफळाचं सार बांगड्याशिवाय व्हायचं, पण वाटणात सुक्या मिरच्या, धणे आणि ओलं खोबरं तेच, आंबटाला सोलं तीच, आणि शेवटी ठेचून टाकलेली तिरफळंही तीच. मला आठवतं ते बाबांचं एका मंगळवारचं वाक्य. ताटात तळलेली सुरमई होती, तरी त्यांनी विचारलं, "कालचे नीरफणसाचे काप उरले नाहीत का गं?" त्यानंतर आई मासे असतानाही काप करू लागली. काप सोमवारची अडचण भागवायला घरात आले आणि मंगळवारी स्वतःच्या हक्कानं ताटात बसले. एखादा पर्याय खरा उतरला की नाही हे ओळखण्याची दुसरी कसोटी मला आजवर सापडलेली नाही. गरज नसलेल्या दिवशी तो कुणी मागून घेतो का, एवढंच बघायचं.

मी प्राणिज पदार्थ सोडले ते वयाच्या चाळिशीनंतर, पुण्यात. कारण एकच नव्हतं, पण गोऱ्ह्यांचा प्रश्न मनातून जाईना. गाय दूध देते ती व्यायल्यावर, आणि व्यायली की निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. आजीच्या गावात गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल, त्याला नांगराचं काम होतं. ट्रॅक्टर आला आणि ते काम गेलं. २०१९च्या पशुगणनेत देशात गाई-कालवडी मिळून सुमारे साडेचौदा कोटी होत्या, आणि बैल, वळू, गोऱ्हे सगळे धरून पावणेपाच कोटींच्या आसपास. जन्माला दोन्ही जवळपास सारखेच येतात. मधले कुठे गेले हे त्या आकड्यांत लिहिलेलं नसतं, पण एकदा प्रश्न पडला की दुधाचा पेला हातात धरताना तो पडतच राहतो. लंडनमध्ये १९४४च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी शाकाहारी मंडळींतून वेगळं होऊन 'व्हीगन सोसायटी' काढली, ती याच मुद्द्यावर. मांस सोडलं, पण दूध आणि अंड्यांचं काय? भारतात तो प्रश्न विचारणं जास्त कठीण आहे, कारण आपल्याकडे दूध हे शुद्धतेचं लक्षण आहे, देवाच्या पंचामृतात आहे.

घरी सांगितलं तेव्हा आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं पहिला प्रश्न केला, "अरे, पण मग चहाचं काय?"

तिचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी लागला होता. मालवणी माणसाला मासे सोडणं सर्वांत जड जाईल असं सगळे म्हणत होते. मला ते सोपं गेलं. माशाची म्हणून जी चव जिभेवर बसली होती तिचा मोठा भाग तिरफळाचा, सोलांचा आणि वाटणाचा होता, आणि ते काही मी सोडलं नव्हतं. जड गेलं ते दूध. ते सणावारी येत नाही, दिवसातून चारदा येतं, बहुतेक वेळा न मागता.

चहात नारळाचा रस चालत नाही. चहावर त्याचं तेल येतं आणि वासही आपलाच पुढे करतो. सोयाबीनचं दूध कडक उकळत्या चहात फुटतं, ओटचं त्या मानानं बरं. दुकानांत आता ही खोकी सहज मिळतात. २०२२मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं व्हीगन पदार्थांसाठी नियम केले, त्यामुळे खोक्यावरचं चिन्ह पाहून खात्रीही करता येते. पण साध्या दुधाच्या कितीतरी पट किंमत मोजून रोजचा चहा करणं मला पटत नाही. जेवणाची एखादी पद्धत फक्त खिसा भरलेल्यांना परवडत असेल तर ती पद्धत म्हणून रुजणार नाही. शेवटी मी आजीच्या चहावर आलो. गवती चहाची दोन पानं, ठेचलेलं आलं, थोडी पत्ती, गूळ. गेली काही वर्षं आईसुद्धा संध्याकाळचा चहा असाच घेते, आणि माझ्यासाठी म्हणून नव्हे.

दह्याचा प्रश्न शेंगदाण्यानं सोडवला. रात्रभर भिजवलेले दाणे सोलून, पाणी घालून गंधासारखे वाटायचे, गाळायचे आणि ते दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं. एकतर ते पटकन उतू जातं, आणि ढवळलं नाही तर तळाला धरतं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांची देठं टाकून झाकून ठेवायचं. देठांवरचे जिवाणूच विरजणाचं काम करतात. उन्हाळ्यात सात-आठ तासांत लागतं, पुण्याच्या थंडीत रात्रही पुरत नाही. पहिल्या विरजणाचं दही काहीसं उग्र होतं, म्हणून ते नुसतं न खाता त्यातलं चमचाभर पुढच्या विरजणाला ठेवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नेमकी चव येते. किंचित दाणेदार, शेंगदाण्याचा मागचा वास असलेलं. काकडीच्या कोशिंबिरीत तो वास शोभतो, कढीत आल्या-मिरचीच्या फोडणीखाली मुरतो, आणि ताकात जिरं-हिंग घातल्यावर उरतच नाही. श्रीखंड मात्र त्याचं करू नये. चक्का बांधता येतो, पण केशर आणि शेंगदाणा यांचं जमत नाही. श्रीखंडाला काजूचा चक्का लागतो, आणि तो वर्षातून एकदाच, पाडव्याला.

वरणभातावर मी घाण्याचं शेंगदाण्याचं तेल कच्चंच घेतो, वर लिंबू. पिठल्यावर कच्चं तेल घेणाऱ्या माणसांच्या मुलखात याचं कुणाला नवल वाटू नये. अंड्याचं तर आपण केव्हाच भागवलं आहे. डाळीच्या पिठाचं टोमॅटो ऑम्लेट ज्या घरांत अंडं कधी शिरलं नाही तिथेही आवडीनं होतं, आणि अंडी खाणाऱ्या घरांतही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नारळाचा रस चवीला दुधाची जागा घेतो, पोषणात घेत नाही. दाट रसात स्निग्धांश भरपूर, पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, पण प्रथिनं बेताची आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. प्रथिनांसाठी डाळी, उसळी आणि दाणे रोज हवेत. कॅल्शियमसाठी नाचणी, जिच्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ते असतं, आणि तीळ. बी-१२ जीवनसत्त्व तर रोजच्या वनस्पतिजन्य जेवणातून भरवशानं मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. मी घेतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना पाककृतीच्या आधी मी हेच सांगतो.

सगळ्यांत शेवटपर्यंत अडलं ते खरवसापाशी. लहानपणी मला त्याच्याइतकं दुसरं काही आवडत नसे. आजीकडे गाय व्यायली की आम्ही पोरं गोठ्याच्या दाराशी घुटमळायचो आणि ती हाकलायची, "आधी वासराक, मगे आमकां." पुढे वाचनात आलं की तिचं म्हणणं किती खरं होतं. वासरू पोटात असताना गाईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं त्याला मिळत नाहीत. ते जन्मतं तेव्हा त्या बाबतीत पुरतं उघडं असतं, आणि पहिल्या चिकातून, तेही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत, त्याला ते संरक्षण मिळतं. एका दिवसानंतर त्याचं आतडं ती द्रव्यं जवळजवळ शोषू शकत नाही. आजीनं वासराला पाजून उरलेल्या चिकाचा केलेला वाटीभर खरवस आणि शहरात बारा महिने दुकानात मांडलेला खरवस यांत मला फरक दिसतो. आजीच्या खरवसाबद्दल माझ्या मनात आजही प्रेमच आहे. पण तो गोठा आता नाही, आणि दुकानातल्या खरवसाच्या मागे कोणतं वासरू आहे हे मला विचारता येत नाही.

नारळाच्या रसात चायनाग्रास घालून तो करतात. मी केला. दिसायला सुरेख, सुरीनं स्वच्छ कापला जातो, पण तोंडात विरघळत नाही, तुटतो. चायनाग्रास समुद्री शेवाळापासून होतं आणि एकदा धरलं की पाणी चांगलं कढत असल्याशिवाय वितळत नाही, मग जिभेच्या उबेनं काय होणार! चीक वाफेवर धरतो तो त्यातल्या प्रथिनांमुळे. म्हणजे इथेही उष्णतेनं धरणारं काहीतरी हवं होतं, आणि ते डाळीत होतं. मुगाची धुतलेली डाळ भिजवून गंधासारखी वाटली, फडक्यातून गाळली, तिच्या दुप्पट दाट रस घातला, गूळ, वेलची आणि जायफळ घालून इडलीपात्रात वाफवलं. धरलं. मऊ, किंचित थरथरतं, आणि गुळाचा तपकिरी रंग आलेलं.

आईनं एक वडी खाल्ली, दुसरी घेतली, आणि म्हणाली की मुगाचा कच्चा वास राहिलाय, डाळ भिजवण्याआधी जरा कोरडी शेकून घे. तसं केल्यावर वास गेला. त्यानंतर तिनं तो तिच्या भजनाच्या बायकांसाठी केला. त्यांच्यातलं कुणीही दूध सोडलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्यापैकी एकीनं फोन करून आईला प्रमाण विचारलं, तिच्या नातवाला तो परत हवा होता. आईचं मात्र अजून समाधान झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी वड्यांना खाली पाणी सुटतं, आणि ते गुळामुळे सुटतं की रस पातळ पडल्यामुळे, यावर आमचं एकमत व्हायचं आहे. या रविवारी ती निम्मा गूळ, निम्मी साखर घालून बघणार आहे.